पहिली शीट फुकट

१

मलकापूरच्या हरिबाची लँडमास्टर रोज सकाळी सहाला त्याच्या दाराशी खाकरायची आणि सगळ्या आळीला कळायचं की आता अंथरूण सोडलं पाहिजे. हरिबाने फौजेत सतरा वर्षं गाड्या हाकल्या होत्या. हवालदार होऊन पेन्शनीत आल्यावर त्याने ही जुनी गाडी घेतली, तिला काळापिवळा रंग मारला आणि कराडच्या स्टँडवर भाड्याला लावली. गाडीला आता वीस वर्षं होत आली होती. त्याची बायको रंगूबाई म्हणायची, हा माणूस मला दिवसातून एकदा हाक मारतो आणि गाडीला दहादा. त्यात फारसं खोटं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात एका सकाळी गाडी खाकरलीच नाही. किल्ली फिरवली की नुसतीच खर्रर्र करायची, दगडावर पत्रा ओढावा तशी. हरिबाने कपाळाला हात लावला. इंजिनाच्या मागे परातीएवढं जड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील म्हणतात त्याला. त्याच्या तोंडावर क्लच बसतो आणि त्याच्या कडेला दात्यांची रिंग असते. सेल्फ त्या दात्यांना पकडून इंजिन फिरवतो. दातेच बोथट झाले तर पकडणार काय?

भाऊसो मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला तेव्हा दुखणं आणखी आतलं निघालं. चाकाच्या तोंडाला केसाएवढी बारीक चीर गेली होती.

"हरिबा, ह्ये चाक आता ठिवायचं न्हाई," भाऊसो म्हणाला. "पळत्या गाडीत फुटलं तर तुजा पाय घिऊनच जाईल. दुसरं बघ."

दुसऱ्या वेळी हरिबा म्हणाला असता, बघू की सावकाश. पण त्याची एकुलती एक लेक, लीला, औंधाहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कराडच्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं होतं की मूल पायाकडून आहे, इथे धोका पत्करू नका, कळा यायला लागल्या की मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या. दिवस भरायला आठवडा राहिला होता. रेल्वेचा संप चालू होता, त्यामुळे मिरजेची गाडी बंद आणि पुण्याहून नव्या सामानाचं पार्सलही बंद. लग्नसराईत स्टँडवरची एकेक गाडी वऱ्हाडाने धरून ठेवलेली.  हरिबाने दुसऱ्या दिवशी पहाटेच सांगलीची एसटी धरली.

२

माधवनगरला नाथाजीचं भंगाराचं आवार होतं. नाथाजी आधी सूतगिरणीत फिटर होता. आता जुन्या गाड्या फोडून सुटं सामान विकायचा. माणूस बोलका आणि चहाचा शौकीन. हरिबाची अडचण ऐकून त्याने तीन फ्लायव्हील ओढत आणून बाभळीखाली मांडली.

असं चाक घ्यायची एक रीत आहे. ते दोरीत अडकवून टांगायचं आणि छोट्या हातोडीने कडेला टिचकी मारायची. बाया कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तसंच. अखंड असेल तर ठणठणीत वाजतं, चीर असेल तर बद्द करतं. पहिलं चाक बद्द वाजलं. दुसरं छान वाजलं, पण त्याच्या बोल्टांची भोकं हरिबाच्या इंजिनाला जुळणारी नव्हती. ते नंतर निघालेल्या अँबॅसडरचं होतं. तिसरं वाजलं आणि हरिबाचा चेहरा खुलला. आवाज स्वच्छ, भोकं बरोबर, तोंड गुळगुळीत.

मग त्याने चाक मांडीवर घेऊन दात्यांवरून बोट फिरवलं.

चार सिलिंडरचं इंजिन बंद केलं की गरगरत शेवटी दोनच जागी थांबतं. दावणीची म्हैस रोज आपल्याच खड्ड्यात बसते, तसं. त्यामुळे जुन्या रिंगचे दाते दोन जागी झिजलेले असतात, एकमेकांच्या समोरासमोर. त्याला कुणी खोट म्हणत नाही. या चाकावरही त्या दोन जागा होत्या. पण हरिबाचं बोट पुढे सरकलं आणि अडकलं. दोहोंच्या मधोमध आणखी एक जागा होती. तिथले सात-आठ दाते तर नखासारखे पातळ झाले होते.

"नाथाजी, ही तिसरी जागा कसली रं?"

"कसली म्हंजे? झिजली आसंल."

"हितं इंजन थांबत न्हाई गड्या."

"मग कुनीतरी थांबवत आसंल," असं म्हणून नाथाजी हसला. पण हरिबा हसला नाही, तेव्हा त्याचंही हसू आटलं.

"खरं सांग. ठोकरीचा माल हाय का? अपघातातल्या गाडीचा?"

"यमाईची आन. ठोकरीचा माल मी आवारात घेत न्हाई. चालू गाडी व्हती. नवराबायको आली हाकत, हितं झाडाखाली लावली, किल्ली माज्या हातात दिली."

"चालू गाडी भंगारात?"

"मी बी त्येच इचारलं. नवरा काय बोलला न्हाई. बाई म्हनली, येताना तिगं व्हतो, आता आमी दोघंच परत जानार, आमाला गाडी कशाला? आन् गेली चालत स्टँडकडं." नाथाजीने बशीत चहा ओतून दिला. "माणसं दुःखातली दिसत व्हती. मी जास्ती खोदलं न्हाई."

हरिबाने चाक पुन्हा टांगलं, पुन्हा वाजवलं. काही खोट नव्हती. लोखंड ते लोखंड. दाते झिजले असतील तर रिंग तापवून जरा फिरवून बसवता येते, म्हणजे झिजलेली जागा बाजूला जाते आणि सेल्फच्या वाट्याला चांगले दाते येतात. भाऊसो ते काम डोळे मिटून करतो. आणि घरी लेक बसलीय. फौजेतल्या माणसाने दात्यांना घाबरायचं म्हणजे काय? हरिबाने स्वतःलाच एक शिवी घातली आणि चाक गोणपाटात गुंडाळलं.

३

भाऊसोने रिंग ठोकून काढली, भट्टीत तापवली, फिरवून बसवली. दोन्ही नेहमीच्या थांब्यांवर आता कोरे दाते आले. तिसरी झीज कुठेतरी भलतीकडे गेली.

"तिकडं सेल्फचं कामच न्हाई," भाऊसो म्हणाला. "जा, चालवून बघ. आन् शीट बसवाय इसरू नगंस."

ही शीट बसवायची रीत कराडच्या स्टँडची. गाडीला मोठं सामान घातलं की पहिलं माणूस फुकट न्यायचं. वाटेत जो कोणी पायी चाललेला भेटेल त्याला बसवायचं, नाव-गाव विचारायचं नाही, एवढंच विचारायचं की कुठे उतरायचं. कुणीच भेटलं नाही, तर मागचं दार उघडून देवीला नाव घेऊन बसवायचं आणि स्टँडवर आणून उतरवायचं. ड्रायव्हर लोक हे हसत हसत करत, पण कुणी चुकवत नसे.

हरिबाने गाडी ढेबेवाडीच्या रस्त्याला घातली. दुपारचे दोन वाजले होते. ऊन असं की कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. तीन मैल गेला तरी पायी चाललेलं एक माणूस भेटेना. क्लच मऊ लागत होता, गाडी लोण्यासारखी धावत होती. हरिबाला वाटलं, देवाने लाज राखली.

आणि गाडी थांबली.

खोकली नाही, गचका दिला नाही. फिरत्या जात्यावर बाईने हात ठेवावा आणि जातं थांबावं, तसं इंजिन थांबलं. गाडी आपल्या ओघाने थोडी पुढे गेली आणि उभी राहिली. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली रानं. झाड नाही, घर नाही. हरिबाने किल्ली फिरवली. खर्रर्र.

तो वैतागला. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, डोक्यात लेकीचा घोर. म्हटलं, शीट बसवायची राहिली म्हणून रुसलीस होय? तो उतरला, मागचं दार ताडकन उघडलं आणि मोकळ्या रानाकडे बघत म्हणाला, "बसा, कोन आसंल त्ये! पयली शीट फुकट."

देवीचं नाव घ्यायचं त्याला त्या तिरमिरीत सुचलं नाही. कुठे उतरायचं हेही त्याने विचारलं नाही.

त्याने दार लावलं. हात अजून दारावरच होता, तेव्हा गाडी मागून खाली बसली.

फार नाही. बोटभर. मागच्या चाकांवरच्या पाट्यांनी, म्हणजे लोखंडी स्प्रिंगांनी, करकर केली, बस. पण इतकी वर्षं माणसं वाहणाऱ्याला मागे वळून बघावं लागत नाही. किती बसले, बारीक की जाड, हे त्याला पाटेच सांगतात. दारावरच्या हाताने त्याला सांगितलं, एक माणूस बसलं. बाई असावी, फार जड नाही.

त्याने काचेतून आत पाहिलं. सीट मोकळी होती. रस्ता एका अंगाला कलता होता, तेव्हा त्याने मनाशी म्हटलं, कलत्या रस्त्याला गाडी बसतेच. मग त्याने पुढून इंजिनात लोखंडी हँडल घालून फिरवलं. इंजिन पहिल्याच फेरीत चालू झालं. परत येताना रस्ता दुसऱ्या अंगाला कलला तरी गाडी तशीच बसलेली राहिली. हरिबाने आरसा वर फिरवून ठेवला.

४

दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर गेला, कारण गाडी रुळवायची तर चालवायला हवी. पाटणची भाडी होती. लँडमास्टरच्या मागच्या सीटवर हरिबा चौघांना कोंबायचा, हे सगळ्या स्टँडला ठाऊक. त्या दिवशी तिघे बसले आणि चौथा दारातच अडकला.

"सरका की वाईच," चौथा म्हणाला.

"कुठं सरकू? हिकडं काय रान मोकळं हाय?"

"आरं पन तिगंच तर हायसा!"

तिघेही बारीक चणीचे होते. पलीकडच्या खिडकीशी बसलेला म्हातारा अंग चोरून बसला होता आणि त्याच्या व खिडकीच्या मध्ये चांगली वीतभर जागा होती. त्याला सरकायला सांगितलं तर तो म्हणाला, "न्हाई बाबा, अवघड वाटतंय," आणि का ते त्याला सांगता येईना. शेवटी चौथा चिडून पुढे हरिबाशेजारी बसला. पाटणला उतरताना म्हाताऱ्याने दार उघडलं, उतरला आणि कुणासाठी तरी दार धरून उभा राहिला. मग त्याच्याच लक्षात आलं, तो ओशाळला आणि निघून गेला.

हरिबाला घाम फुटला. हे त्याला एकट्याला वाटत होतं तोवर ठीक होतं. बाबा, ऊन लागलंय तुला, झोप झाली नाही तुझी, असं तो स्वतःला समजावू शकत होता. आता दुसऱ्यालाही वाटायला लागलं.

परतीच्या वाटेवर गाडी दोनदा तशीच थांबली. हरिबाने ती सरळ भाऊसोच्या दारात नेऊन उभी केली.

भाऊसोने जॅक लावून पाटे तपासले. एकही पान तुटलेलं नव्हतं. मग तो खाली शिरला, क्लचच्या खालची पत्र्याची झाकणी काढली, विजेरी मारून दोनदा बघितलं.

"काय रं?"

"हरिबा, चाक त्या तिसऱ्या जागंवर थांबलंय. पातळ दात्यांवर."

"आरं तू तर रिंग फिरवलीस!"

"व्हय, फिरवली. ती जागा आता आशी आलीया की तितं पिस्टन एकदम वर आसतोय. तितं इंजन थांबूच शकत न्हाई. आतला दाब त्याला माघारी ढकलतोय. हातानं धरून ठिवलं तरच ऱ्हाईल." भाऊसो सरपटत बाहेर आला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "आन् आपुन बोलतूय तवर बी त्ये हाललं न्हाई."

दोघे गाडीकडे बघत उभे राहिले. भर दिवसा, समोर रहदारी चालू असताना, दोन बाप्ये एका जुन्या मोटारीला भ्यायले होते.

"उद्या सकाळी काढ त्ये चाक," हरिबा म्हणाला. "माजं फुटकंच बसीव. मी हळू चालवीन."

"सकाळी पयलं त्येच काम," भाऊसो म्हणाला.

५

पण सकाळी सहालाच लीलाला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन दिवस होते. रंगूबाई दारात येऊन ओरडली, "आवं, गाडी काडा! बघत काय बसलाय?"

हरिबा खरंच बघत बसला होता. गाडी अंगणात मागून खाली बसलेली होती. त्याने स्टँडवर एकाला सायकलीवरून पिटाळलं, दुसरी गाडी बघायला. एकही मिळाली नाही. जीप मागायला गेलेला शेजारी हात हलवत परत आला. लीला आतून कण्हत होती आणि दर कण्हण्याला हरिबाच्या काळजाचं पाणी होत होतं. काय सांगणार होता तो बायकोला? गाडीत एक माणूस आधीच बसलंय म्हणून?

त्याने गाडी काढली.

रंगूबाई डाव्या खिडकीशी बसली, लीला मधे. उजवीकडची जागा मोकळी होती.

"आडवी हो बाळा, माज्या मांडीवर डोस्कं ठेव," रंगूबाई म्हणाली. "पाय लांब कर तिकडं."

"जागा न्हाई आई," लीला म्हणाली.

"मरणाची जागा हाय. काय बोलतीस?"

लीलाने पाय लांब केले नाहीत. हरिबाने दात आवळले आणि गाडी पेठच्या दिशेने सोडली. इस्लामपूर मागे पडलं. उन्हं वर आली. तो मनातल्या मनात फक्त एकच म्हणत होता, आज नको थांबवू. उद्या कुठेही थांबव, आज नको.

आष्टा ओलांडून दोन मैल झाले आणि जात्यावर हात पडला.

दोन्हीकडे उंच ऊस होता. वारा नव्हता. लीलाचं कण्हणंही थांबलं होतं, आणि ते हरिबाला कण्हण्यापेक्षा वाईट वाटलं. त्याने हँडल घेतलं, पुढे गेला, वाकून बसवलं आणि जोर लावला. हँडल इंचभरही हललं नाही. अडून राहिलेल्या इंजिनाचा ताठपणा त्याच्या मनगटाला ठाऊक होता. हा तसा नव्हता. पलीकडून कुणीतरी धरलेलं होतं, सहज, जोर न लावता.

त्याने मान वर केली आणि समोरच्या काचेतून आत पाहिलं.

रंगूबाई डाव्या खिडकीतून बाहेर तोंड काढून रस्त्याला कुणी येतंय का बघत होती. लीलाचे डोळे मिटलेले होते. तिचं डोकं आईकडे नव्हतं. ते उजवीकडे कललेलं होतं आणि टेकलेलं होतं. सीटच्या पाठीला नव्हे, ती बरीच मागे होती. खिडकीला नव्हे, खिडकी हातभर लांब होती आणि काच खाली केलेली होती. आपल्याहून किंचित बुटक्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकावं, बरोबर त्या उंचीला लीलाचं डोकं मोकळ्या हवेत टेकलं होतं. तिच्या कपाळावरच्या ओल्या बटा एकेक करून मागे सारल्या जात होत्या.

 पळून जावं असं हरिबाला वाटलं, हे त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. पण आत त्याची लेक होती. आणि मग त्याला आठवलं की आपलं काय विचारायचं राहिलंय.

तो उजव्या खिडकीपाशी गेला. मोकळ्या जागेकडे न बघता, खाली मातीकडे बघत, स्टँडवर रोज विचारतो त्याच शब्दांत त्याने विचारलं.

"कुठं उतरायचं?"

"दवाखान्यात," लीला म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"आवं, आनी कुठं?" रंगूबाई कातावली. "पोरीचा जीव चाललाय आन् ह्यास्नी इचारपूस सुचतीया!"

हरिबा पुढे गेला. हँडलला नुसता हात लावला आणि इंजिन चालू झालं.

६

मिरजेला दवाखान्याच्या पायऱ्यांशी गाडी लागली. रंगूबाई उतरली, गाडी तेवढी वर आली. दोघा वॉर्डबॉयनी लीलाला स्ट्रेचरवर घेतलं, गाडी आणखी वर आली. हरिबा दार धरून उभा राहिला. उरलेलं बोटभर काही वर येईना.

"आला की दवाखाना," तो पुटपुटला. कुणी उतरलं नाही.

दुपारभर तो व्हरांड्यात येरझारा घालत होता. आत जाऊ देत नव्हते. रंगूबाई भिंतीला पाठ लावून यमाईला नवस बोलत होती. एकदा एक नर्स घाईघाईने बाहेर आली आणि दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन आत गेली. तिने या दोघांकडे बघायचं टाळलं, ते हरिबाने पाहिलं. फौजेत त्याने असं टाळलेलं बघणं पुष्कळ पाहिलं होतं.

साडेचारला तो पाण्याचा तांब्या आणायला गाडीशी आला. गाडी लिंबाखाली लावलेली होती. त्याने पुढचं दार उघडून तांब्या घेतला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर गाडी मागून वर आली. पाटे करकरले. मागचं दार उघडलं नाही, मिटलं नाही. लिंबाखालची माती कोरडी, भुसभुशीत होती. तिच्यावर काही उमटलं नाही. फक्त गाडी मोकळी झाली, आणि दवाखान्याच्या पायरीवर निजलेलं कुत्रं उठून बाजूला झालं, येणाऱ्याला वाट द्यावी तसं.

हरिबा तांब्या टाकून पळत सुटला. तो व्हरांड्यात पोचला तोवर आतून बाळाचं रडणं ऐकू आलं होतं आणि रंगूबाई पदर तोंडाला लावून हसत-रडत होती.

"मुलगी," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. ते घामेघूम झाले होते. "दोघी सुखरूप आहेत. खरं सांगतो, आम्ही आशा सोडली होती. बाहेर आली तेव्हा हालचाल नव्हती, श्वास नव्हता. चार-पाच मिनिटं गेली. आणि मग आपणहून रडली."

रंगूबाई त्यांच्या पाया पडायला गेली. हरिबानेही हात जोडले. आनंद झाला नाही असं कसं म्हणावं?  पण लिंबाखाली मोकळी झालेली गाडी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

७

बारा दिवसांनी दवाखान्याने सोडलं. या बारा दिवसांत हरिबाने मिरजेत चार भाडी मारली होती. गाडी एकदाही थांबली नव्हती. मागच्या सीटवर चौघे मावत होते. त्याने खाली शिरून झाकणी काढून बघितलं, तर चाक आपल्या नेहमीच्या जागेवर, कोऱ्या दात्यांवर थांबत होतं. बाधा गेली, असं त्याने मनाशी म्हटलं. फुकटची शीट उतरून गेली, आता पोरीला घरी न्यायचं आणि बारसं करायचं. दोन दिवसांपूर्वी त्याला गाढ झोपही लागली होती.

रंगूबाई बोचकी घेऊन आधी बसली. मग लीला बसली. गाडी यायची तेवढीच खाली आली.

"आबा, द्या तिला," लीला म्हणाली.

पोरगी हरिबाच्या हातात होती. नर्सने सकाळीच काट्यावर ठेवली होती, साडेसहा पौंड. हाताला वजन असं लागतच नव्हतं. दुपट्यात गुरफटलेली, ओठ पुढे काढून झोपलेली, नाक अगदी रंगूबाईसारखं. हरिबाने वाकून तिला आईच्या मांडीवर ठेवलं.

पाटे करकरले आणि गाडी खाली बसली. एका बाईएवढी. फार जड नाही.

हरिबा तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, मागे गेला, दोन्ही चाकांची हवा बघितली. जमीन सपाट आहे ना, ते बघितलं. परत येऊन म्हणाला, "वाईच दे हिकडं." पोरगी उचलली, गाडी वर आली. ठेवली, गाडी खाली गेली. पुन्हा उचलली.

"आवं, नात हाय ती, गुळाची ढेप न्हवं," रंगूबाई हसून म्हणाली. "घरी जाऊन तोला. ऊन वाडाय लागलं." आणि ती बोचक्याची गाठ घट्ट करायला पलीकडे वळली.

हरिबा नातीला छातीशी धरून उभा होता. तिचा श्वास त्याच्या गळ्याला लागत होता, कोवळा, दुधाच्या वासाचा. तिला परत गाडीत ठेवायला त्याचे हात धजत नव्हते आणि धरून ठेवायलाही धजत नव्हते.

लीला त्याच्याकडे बघत होती. केव्हापासून बघत होती कोण जाणे. ती दाराकडे सरकली आणि आईला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात बोलली.

"आबा, उसाच्या तितं माज्या पोटातलं हालायचं बंद झालं व्हतं. मला कळलं व्हतं, पन आईला सांगाय धीर न्हाई झाला." तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "शेजारच्या बाईनं माज्या पोटावर हात ठिवला. म्हनली, ही गेली. मी येऊ का? मी व्हय म्हनलं."

समोरून टांगा खडखडत गेला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर कुणाचे तरी नातेवाईक शिदोरी सोडून बसले होते.

"द्या आबा," लीलाने दोन्ही हात पुढे केले. "माजी हाय ती."

हरिबाने पोरगी तिच्या ओटीत ठेवली आणि पटकन डोळे मिटून घेतले. पाट्यांचा आवाज तरीही त्याला ऐकू आला.